लंकाबाईचं माहेरचं घर

लंकाबाईनं माहेरचं कौतुक सुरू केलं की आम्ही बायका एकमेकींना डोळ्यांनी खुणवायचो. दिंडोरीकडचं गाव, एकुलता एक भाऊ सावळीराम, त्याची द्राक्षांची बाग, असं करत करत ती शेवटी ठरलेल्या वाक्यावर यायची, "दादानं घर माझ्या नावावर केलंय." मी उज्वला, तेव्हा तिच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, आणि माझं तोंड जरा फाटकं आहे. एकदा मी म्हटलंच, "मग जा की चार दिवस त्या घरात." ती म्हणाली, "हारांचा धंदा सोडून कसं जाऊ गं?" पंचवटीतल्या देवळांपाशी ती झेंडूचे हार विकायची. माझ्याकडं न बघता ती सुईत दोरा ओवायला लागली.

या बढाईचा तिला उपयोग होता. सासू नवसाबाई म्हणजे धार लावलेली विळी. शेजारपाजारच्या सुनांच्या माहेरचा उद्धार करताना ती थकायची नाही, पण लंकाबाईपुढं गप्प बसायची. जिला माहेरी घर आहे तिला काय बोलणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी लंकाबाई सासरी इतकी वर्षं मानानं राहिली.

मग लॉकडाऊन आलं. तिचा नवरा भारत अंबडच्या एका कारखान्यात होता. तो बंद पडला तो पडलाच. देवळांना कुलपं, मग हार घेणार कोण? भाडं थकलं तशा आम्ही दोघी एकाच महिन्यात खोल्या सोडून नाल्याकाठी आलो आणि पत्रे ठोकून राहिलो. भारत हातगाडीवर भाजी विकायला लागला. पावसाळ्यात नाल्याचं पाणी आत शिरायचं आणि नवसाबाईला खाटेसकट उचलून शाळेत न्यावं लागायचं. देवळं उघडली, लोक पुन्हा हार घ्यायला लागले, पण आमची गेलेली खोली काही परत आली नाही.

आमच्यासारखी माणसं जागोजाग पत्र्याखाली दिसायला लागली, तेव्हा सरकारनं घरकुलं वाढवायचं ठरवलं. आडगावच्या बाजूला इमारतींचे सांगाडे उभे राहिले. नाला रुंद होणार, पत्रे निघणार, जे पात्र ठरतील त्यांना तिथं पक्कं घर. जे ठरणार नाहीत त्यांनी कुठं जायचं, ते कोणी सांगितलं नाही. पहिली अट अशी की कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर नको.

पाहणीला महापालिकेच्या स्नेहल मॅडम आल्या त्या दिवशी लंकाबाई हार घेऊन गेली होती. घरात एकटी नवसाबाई. मी बाहेर भांडी घासत होते, त्यामुळं सगळं माझ्या कानांनी ऐकलं. मॅडम बिचाऱ्या चांगल्या. पत्रे बघून, चूल बघून त्या मायेनं म्हणाल्या, "आजी, फार हाल आहेत हो तुमचे."

म्हातारीला ते झोंबलं. आमच्या म्हाताऱ्या अशाच. उपास काढतील, पण कोणी कीव केलेली त्यांना चालत नाही. "हाल कसले, बाई? आम्ही काय भिकारी नाय. माझ्या सुनंच्या नावावर माहेरी दगडी घर हाय, भावानं करून दिलंय." मॅडमनी पुन्हा विचारलं, तर हिनं आणखी मोठ्यानं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. लंकाबाईचं नाव अडकलं.

ती माझ्याकडं आली आणि दारातच बसली. रडताना तिला पहिल्यांदाच बघितलं मी.

"उज्वला, घर माझ्या नावावर नाय गं."

बाप गेल्यावर भावानं तिला तालुक्याला नेलं होतं. बापाच्या घरादारातलं मला काही नको, अशी बहिणीनं भावाला सही द्यायची, ही आमच्याकडची रीत. नाही दिली तर माहेर तुटतं. हिनं दिली. भावानं साडी नेसवली आणि एसटीत बसवून दिलं. वाटेत तिच्या डोक्यात एकच, सासू विचारणार, भावानं काय दिलं? घरी आल्यावर सासूनं विचारलंच. तेव्हा तोंडातून निघालं ते निघालं, पुन्हा मागं घेता आलं नाही.

मला तिचा राग आला आणि तिच्यासाठी जीवही तुटला. म्हटलं, "मग सांग की मॅडमला."

"सांगितलं. त्या म्हणतात, गावचा उतारा आणा, नायतर भावाला आणा."

"ग्रामपंचायतीत जाऊ, आपणच उतारा काढू."

"दादाच्या पाठीमागं नको," ती म्हणाली.

म्हणून आम्ही दोघी सावळीरामकडं गेलो. बहिणीला बघून त्याचं तोंड उतरलं. वहिनीनं चहा ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली. 'उतारा' हा शब्द निघाला मात्र, सावळीरामनं कप खाली ठेवला. "सही देऊन झाली, आता हिस्सा मागायला आलीस व्हय?"

"हिस्सा नको, दादा. माझं इथं काहीच नाय, एवढंच लिहून दे."

मला तिथं बसवेना. काही नाही याचा कागद मागायला बहीण आलीय आणि याला वाटतंय ती घर न्यायला आली. मी बोलणार तेवढ्यात लंकाबाईनं माझा हात दाबला. शेवटी तो म्हणाला, "कागद-बिगद नाय. मी येतो तिथं, सांगतो तोंडानं."

अडकलेल्या नावांची सुनावणी समाजमंदिरात होती. अख्खी वस्ती जमलेली. सावळीराम पांढरीशुभ्र टोपी घालून आला. नवसाबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं काठी टेकत जाऊन त्याचे दोन्ही हात धरले. "हाच तो बरं का! बहिणीला घर देणारा. असा भाऊ समद्यांना मिळो." त्याला खुर्ची दिली, कोणी पाणी आणलं. बायका पोरांना म्हणत होत्या, मामाच्या पाया पड. त्याच्या जन्मात त्याचा एवढा मान झाला नसेल. तो गोरामोरा होऊन बसला होता.

मॅडमनी लंकाबाईचं नाव पुकारलं आणि त्याला विचारलं, "गावचं घर कोणाच्या नावावर आहे?"

सावळीरामनं आजूबाजूला बघितलं. सगळे त्याच्याकडं बघत होते.

"तिचंच हाय," तो म्हणाला.

मी लंकाबाईच्या शेजारी उभी होते. खोटं कशाला सांगू, एक क्षणभर तिचा चेहरा फुलला. ते ऐकायला ती किती वर्षं आसुसली होती, ते मला तेव्हा कळलं. मग तिच्या ध्यानात आलं की भावानं स्वतःची अब्रू राखली आणि हिचं घर घालवलं. ती पुढं झाली.

"दादा, माझं हाय ना? मग हे सरकारी घर मला नको. आत्याबाईंना, पोरांना घेऊन मी उद्याच तिकडं राहायला येते. मॅडमपुढं तसं लिहून दे."

सावळीरामनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"तसं नाय... घरात इचारावं लागंल."

ती मॅडमकडं वळली. "लिहा मॅडम. माहेरी माझं काही नाय. मी सही देऊन बसलीय. आजवर सांगितलं ते समदं खोटं." हे ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. सावळीराम उठला आणि न जेवता निघून गेला. उतारा नंतर मॅडमनीच मागवला.

त्या दिवशी घरी नवसाबाईनं विचारलं, "मला का नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं, आत्याबाई?"

म्हातारीनं विचार केला. "टोमणे मारले असते. खोटं कशाला बोलू." एवढं बोलून तिनं स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी सुनेच्या ताटात टाकली.

घर मिळालं. तिचं पाचव्या मजल्यावर, माझं चौथ्या. लिफ्ट अजून चालू नाही. भारतनं आईला पाठीवर घेऊन वर नेलं आणि म्हातारी वाटेत प्रत्येक मजल्याला नावं ठेवत गेली. भिंतीला ओल नाही, पावसाची धास्ती नाही. पण लंकाबाई आता माहेरचं नाव काढत नाही, आणि काढलं तर आम्हीच विषय बदलतो. पूर्वी त्याच गोष्टीवर हसायचो आम्ही.

दिवाळीत तिनं सावळीरामला फोन केला. वहिनीनं उचलला. बागेची छाटणी चाललीय, जमायचं नाय, म्हणाली. भाऊबीजेच्या संध्याकाळी मी फराळाचं ताट द्यायला वर गेले तर लंकाबाई गॅलरीत उभी. हातात निरांजनाचं तबक, समोर नुकती दिसायला लागलेली चंद्राची कोर. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते.

मला राहवलं नाही. "अगं, भाऊ जिवंत आहे ना तुझा?"

"हाय की," ती म्हणाली. "त्याच्याच नावानं ओवाळतीय."