साडूंच्या जानव्याची किल्ली

विकेंद्रीकरणावर आमच्या साडूंइतकी निस्सीम श्रद्धा असलेला आणि तरीही एकही किल्ली हातची न सोडणारा माणूस उभ्या जिल्ह्यात दुसरा झाला नाही. ते सरकारी आरोग्य खात्यात पर्यवेक्षक होते. ऐंशीच्या दशकात वरून कुठूनसा तो शब्द त्यांच्या कचेरीत उतरला आणि थेट त्यांच्या अंगात आला. "अधिकार तळागाळात गेला पाहिजे!" असं ते बदलापुरात, कात्रपच्या घरी, मला चहावर बजावायचे. त्या वेळी घरातल्या यच्चयावत कपाटांच्या किल्ल्या त्यांच्या जानव्याला खुळखुळत असायच्या. चहात दुसरा चमचा साखर हवी असेल तर साडूंना सदरा वर करावा लागे. एकदा मी अंबरनाथहून गेलो असताना मेहुणीचा हात तव्यावर भाजला. मलम कपाटात, किल्ली जानव्याला, जानवं साडूंच्या गळ्यात आणि साडू आंघोळीला. मोरीतून आवाज आला, "तोवर गार पाणी घाल! प्राथमिक उपचार रुग्णाच्या पातळीवरच व्हायला हवेत!" मेहुणीने तेव्हा जे उद्गार काढले ते मी इथे देत नाही.

पुढे बारवी धरणापलीकडच्या एका ठाकरवाडीत त्यांनी आरोग्य उपकेंद्र उघडलं, म्हणजे एका खोलीत लोखंडी कपाट ठेवलं. नर्सबाईंची जागा मंजूर होती, फक्त बाई नव्हत्या. स्कूटर माझी असल्यामुळे उद्घाटनाला मीही हजर होतो. साडू अर्धा तास 'विकेंद्रीकरण, विकेंद्रीकरण' करत राहिले. पुढच्या मंगळवारी आम्ही गेलो तर दारात रांग, कुणाच्या काखेत कोंबडी, कुणाच्या टोपलीत कंटोळी. साडू भांबावले. वाडीची सुईण आंबीबाई पुढे झाली. "सायब, तुमीच बोलला ना, इक्री केंद्र हाय म्हून? मंग औषदं काय फुकाट मागायची?" औषधं फुकट आहेत हे पटवताना साडूंचा घसा बसला. मात्र कपाट उघडायचं ते मंगळवारीच, साडू आले की. वाडीने आजारी पडायचं तेही मंगळवारी, एवढी साधी व्यवस्था होती.

श्रावणात जुलाबाच्या साथीला ही व्यवस्था ठाऊक नव्हती. शुक्रवारी सकाळी आंबीबाई कात्रपच्या दारात उभी राहिली. डोंगर उतरून चालत आली होती, कडेवर तीन वर्षांची नात, पोरीचे डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. घरात होतं ते मीठसाखरेचं पाणी मेहुणीने लगेच चमच्याने पाजायला घेतलं. पोर जरा तरतरली तशी आंबीबाई म्हणाली, "वाडीत आनखी पाचसात पोरं हायेत." मग तिला नि पोरीला सरकारी दवाखान्यात पोचवायचं मेहुणीने अंगावर घेतलं. मी साडूंना मागे बसवून स्कूटर वाडीकडे काढणार, एवढ्यात आंबीबाई साडूंसमोर आली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो लागला.

"सायब, औषद आमच्याकडं, कुलूप आमच्याकडं, नि चावी तुमच्या गल्यात. मंग तुमी आमाला दिलात काय? कुलूपच ना?"

विकेंद्रीकरणावर तासभर बोलू शकणारा तो माणूस सदऱ्यावरून किल्ली चाचपत स्कूटरवर बसला. त्या दिवशी त्यांनी वाडीतल्या एकेका पोराला स्वतः जलसंजीवनी पाजली. सगळी वाचली, आंबीबाईची नातही. मंगळवारी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा साडूंनी वाडीच्या पारावर बसून जानव्यातली किल्ल्यांची गाठ सोडायला घेतली. वर्षानुवर्षांची घट्ट गाठ, बोटांना दाद देईना, शेवटी दातांनी सोडवली. कपाटाची किल्ली त्यांनी आंबीबाईच्या हातावर ठेवली आणि जलसंजीवनीच्या पुड्या कशा कालवायच्या ते तीनतीनदा समजावलं. बाहेरच्या व्यक्तीस किल्ली का दिली, असा खुलासा वरून मागवला गेला. साडूंनी एकाच शब्दात उत्तर धाडलं: 'विकेंद्रीकरण.' बढती अर्थातच हुकली. मी पुष्कळ चिडवलं, पण खरं सांगतो, मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला होता.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस साडू गेले. दहाव्या दिवशी आंबीबाई कात्रपला आली, पार वाकलेली, बरोबर नात, आता चांगली उंच झालेली. पदराची गाठ सोडून तिने किल्ली काढली. "कपाट कवाच गंजून मोडलं. पन चावी सायबाची. आता कोनाला देऊ?"

मेहुणीने तिची मूठ मिटवली. "असू दे तुझ्याकडेच," ती म्हणाली. "जन्मात त्यांनी सोडलेली ती एकच आहे."