उमाकांतरावांच्या गाडीचा पल्ला

उमाकांत पाळंदे यांना एका सोमवारी सकाळी त्यांच्या स्वतःच्याच गाडीनं खोटं पाडलं. आदल्या संध्याकाळी गाडी लावली तेव्हा समोरच्या पडद्यावर आकडा होता, अजून तीनशे दहा किलोमीटर. सकाळी चावी फिरवली तर तीनशे साठ. मध्ये डिझेल भरलेलं नाही, गाडी जागची हललेली नाही, आणि पल्ला आपला रात्रीतून पन्नास किलोमीटरनं वाढलेला. बरं, काटा पाहावा तर तो उलट किंचित खाली. म्हणजे डिझेल कमी आणि पल्ला जास्त. उमाकांतरावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. आकडा काही बदलला नाही.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मरो तो आकडा, आणि भाजी आणायला गेला असता. पण या गृहस्थांची अख्खी नोकरी या आकड्यांवर झालेली. तरुणपणी खडकीहून बदली होऊन ते तमिळ मुलखातल्या आवडी नावाच्या गावी संरक्षण कारखान्यात आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. काम काय, तर चिखलातून, वाळूतून, दगडधोंड्यांतून जाणाऱ्या फौजी गाड्या चाचणीच्या मैदानात पळवायच्या आणि एका टाकीत कोणती किती लांब जाते ते सांगायचं. डांबरावर लिटरला दहा-बारा देणारी गाडी वाळूत चारही चाकांना जोर दिला की तीन-चारावर येते, हे त्यांना आपल्या घरच्या वाणसामानासारखं माहीत. मोजायची रीत अगदी साधी. टाकी गळ्यापर्यंत भरायची, गाडी पळवायची, परत गळ्यापर्यंत भरायची. दुसऱ्यांदा जेवढं मावलं तेवढं गाडीनं प्यायलं. आणि चालवताना गाडीला मुळीच लाडावून ठेवायची नाही. सारखा पाय दाबलेला. लढाईत काय कुणी अंजारून गोंजारून चालवणार आहे, असं ते म्हणत.

निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशात त्यांनी तसलीच एक दांडगी गाडी घेतली. मैलापूरच्या त्यांच्या ज्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या की भांडण ठरलेलं, तिथे डोंगर चढणारी गाडी हवीच कशाला, असं शैलाताईंनी एकदाच विचारलं आणि विषय सोडून दिला. शैलाताई जन्मानं मैलापूरच्याच, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांच्या मराठीत निम्मी तमिळ. चाळीस वर्षांच्या संसारात त्या गाडीच्या डाव्या सीटवर बसल्या, उजवीकडे कधी बसल्या नाहीत. मुलगा अद्वय श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, राहायला तिकडेच. तेव्हा या घरात गाडी चालवणारा माणूस एकच.

आणि इथेच तर सगळी मेख होती. कारण गुरुवारी परत तेच झालं. या वेळी गाडी एकूण किती चालली तो आकडाही त्यांनी आदल्या रात्री टिपून ठेवला होता, तो ताडून पाहिला. गाडी चांगली वीसेक किलोमीटर जास्त चाललेली होती. चोर म्हणावं तर चोर गाडी नेतो, आणून जागेवर लावत नाही. घरात चालवणारे आपण एकटे. गाडी तर कुठेतरी जाऊन आली. म्हणजे आपणच नेली, आणि आपल्याला आठवत नाही.

त्यांनी आठवून आठवून डोकं शिणवलं. काल आपण कुठे गेलो? बँकेत. ते काल की परवा? बँकेतून सरळ घरी आलो की वाटेत कुठे वळलो? जितकं आठवायला जावं तितका गुंता वाढत होता. जेवताना शैलाताईंनी विचारलं, "सांबार अजून वाढू?" तर हे ताटाकडे बघत बसले, पहिलं सांबार खाल्लं की नाही याचा विचार करत.

भीतीला कारण होतं. त्यांचे थोरले भाऊ शरदचंद्र पुण्याला वारले ते शेवटची काही वर्षं स्वतःच्या मुलीला पोस्टमास्तरीण समजून. चांगला हुशार माणूस, पण हळूहळू सगळं पुसलं गेलं. ते पाहून आल्यापासून उमाकांतरावांच्या मनात एकच धास्ती होती. पाय गेले तरी चालतील, डोळे गेले तरी चालतील, डोकं जाऊ नये. ही धास्ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती, बायकोला तर नाहीच.

शेवटी त्यांनी अद्वयला फोन केला, तोही आडून आडून. "काय रे, तो पल्ल्याचा आकडा आपोआप वाढतो का?"

"वाढतो की, बाबा. आधीचे काही किलोमीटर गाडी कशी चालवली त्यावरून तो काढतात. सावकाश चालवली की गाडीला वाटतं आपण अजून लांब जाऊ. हल्ली सावकाश चालवता की काय?"

"मी?" उमाकांतराव म्हणाले. त्यांना ते जवळजवळ शिवी दिल्यासारखंच वाटलं. पण फोन ठेवल्यावर ते जास्तच चक्रावले. आपल्या पायाला हळू चालवणं ठाऊकच नाही. मग आपल्याच अंगात शिरून गाडी इतक्या हळुवार हातानं नेणारा हा कोण बाबा?

रविवारी संध्याकाळी त्यांनी ठरवलं, आता चाचणीच घ्यायची. गाडीची नाही, आपली. कोपऱ्यावरच्या पंपावर जाऊन टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. घरी आले, गाडी लावली आणि खालच्या मजल्यावरच्या रघुरामांची बेल वाजवली. रघुराम बँकेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ.

"ही चावी सकाळपर्यंत ठेवा. मी मागायला आलो तरी देऊ नका."

"तुम्ही मागितली तरी तुम्हाला द्यायची नाही?"

"मला तर मुळीच नाही."

रघुरामांनी चावी घेतली, देव्हाऱ्यात ठेवली आणि बायकोला म्हणाले, पाळंदेसाहेबांचं काहीतरी बिनसलंय.

सकाळी सात वाजता उमाकांतराव चावी घ्यायला हजर. रात्री आलो होतो का मी, हा त्यांचा पहिला प्रश्न. रघुराम म्हणाले, नाही बुवा. तसे ते तडक पंपावर गेले. पंपावरच्या बाईनं टाकीचं झाकण उघडून पाहिलं. "काल तर भरली, सार," ती तमिळमध्ये म्हणाली. "आता काय मावणार?"

"भर तर खरी," ते म्हणाले.

दोन लिटरच्या आसपास मावलं.

उमाकांतराव हसायला लागले. पंपावरची बाई घाबरून दोन पावलं मागे सरली, तरी यांचं हसू थांबेना. चावी रघुरामांच्या देवाजवळ होती आणि गाडी तरी फिरून आली होती. म्हणजे नेणारे आपण नव्हतो. आपलं डोकं शाबूत आहे. किती दिवसांनी जीव भांड्यात पडला. मग कोण? वाटेत कपालीश्वराच्या देवळाच्या तलावाजवळ गर्दीत अडकले तेव्हा त्यांना सुचलं की दुसरी चावी शैलाच्या कपाटात आहे, आणि शैला अलीकडे पहाटे उठून देवळात जाते.

ते घरी पोचले तेव्हा शैलाताई भेंडी चिरत होत्या.

"शैला, गाडी तू नेतेस?"

त्यांनी विळी बाजूला केली. "हो. कळणार होतंच कधीतरी."

"कधी शिकलीस?"

"पोंगल झाल्यावर. लझ चौकातल्या ड्रायव्हिंगच्या शाळेत. मग रोज नाही, मधूनमधून सराव. समुद्राकाठानं, सँथोमवरून अड्यारपर्यंत आणि परत. रस्ता मोकळा असतो सकाळी."

उमाकांतराव खुर्चीत बसले आणि सगळी कथा सांगत सुटले. आकडा, बँक, सांबार, रघुराम, देव्हारा. सांगताना स्वतःच हसत होते. "अगं, मला वाटलं शरददादासारखं माझंही झालं. रात्र रात्र झोप नाही. आणि तू खुशाल गाडी घेऊन समुद्र बघत फिरतेस. चालवतेस मात्र झकास हं, गाडीला झटकाही बसू देत नाहीस. पण हे लपवायचं काय होतं त्यात? मी काय नको म्हटलं असतं?"

शैलाताई हसल्या नाहीत. पदराला हात पुसत राहिल्या. "तुम्ही आधी चहा घ्या," त्या म्हणाल्या.

"चहा राहू दे. सांग ना."

"मार्गळीत, म्हणजे पोंगलच्या आधी, तुम्ही मला फोन केलात. तिरुवान्मियूरच्या सिग्नलपाशी गाडी कडेला लावून उभे होता. म्हणालात, शैला, घरी कुठून यायचं ते आठवत नाही. मी रिक्षा करून आले."

"मी?"

"तुम्ही. घरी आल्यावर जेवलात, झोपलात. दुसऱ्या दिवशी मी विषय काढला, तर तुम्ही म्हणालात, काहीतरीच काय बोलतेस. डॉक्टर नको म्हणून भांडलात. तेव्हा मी शाळेत नाव घातलं. परत फोन आला तर गाडी घरी आणणारं कुणीतरी हवं, ना?"

उमाकांतरावांनी तो सिग्नल डोळ्यांपुढे आणून पाहिला. सिग्नल आठवत होता, शेकडो वेळा गेले होते तिथून. पण त्यात आपण कडेला उभे आहोत, शैला रिक्षातून उतरते आहे, असं काही दिसेना. भांडण आठवेना, डॉक्टर आठवेना. तिथे नुसती कोरी जागा होती. मघाशी पंपावर हसणारा माणूस आपणच होतो का, अशीही शंका त्यांना आली.

"तुला तर तेव्हा येत नव्हती," ते म्हणाले. "मग घरी कुणी आणली गाडी?"

"तुम्हीच. मी शेजारी बसून सांगत होते. इथे डावीकडे घ्या, आता सरळ, आता पूल. सगळं ऐकत होता."

"चालवली कशी होती मी?"

"छान चालवलीत. एक गिअर चुकला नाही."

त्यांनी मान हलवली. गाडीची चावी अजून त्यांच्या मुठीतच होती. शैलाताईंनी ती मागितली नाही. पण ती खिशात टाकावी की शैलापुढे ठेवावी, तेवढंही त्यांना ठरवता येईना.