मोनिकेच्या चरित्रातून मी घेतलेला धडा

मी हातकणंगले सोडले तो उपवासकाळातला शुक्रवार होता. दुपारी साडेचारला आई चर्चला निघाली. उपवासकाळात दर शुक्रवारी तिथे क्रुसाची वाट होत असे. येशूच्या अखेरच्या प्रवासाची चौदा स्थाने, आणि प्रत्येक स्थानापुढे गुडघे टेकून प्रार्थना. दारात थांबून तिने विचारले, "गाडी उद्याच हाय न्हवं?"

"व्हय, उद्या सकाळी," मी म्हणालो.

गाडी त्याच दिवशी पाचची होती; तिच्यादेखत निघणे मला जमणार नव्हते. आईची पाठ वळताच मी पलंगाखालची बॅग ओढली. बाबांना सारे ठाऊक होते. ते एवढेच म्हणाले, "जा आता. तिला मी सांगतो."

ही युक्ती माझी नव्हती. तुम्हा गावाकडच्यांना आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांना हे आज नीट सांगितले पाहिजे. आमच्या घरी राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, बाबा स्टीलच्या ताटात संतांच्या नावांच्या चिठ्ठ्या ठेवत. ज्याला जो संत येईल त्याने त्याचे चरित्र ऐकायचे आणि चाळीस दिवस त्याचा एक गुण आचरायचा. त्या वर्षी आईला संत मोनिका आली. बाबांनी सांगितले, की मोनिकेचा मुलगा समुद्रापार निघाला होता आणि ती त्याला सोडीना. तेव्हा 'मी फक्त मित्राला निरोप देणार आहे' असे खोटे सांगून त्याने तिला बंदराजवळच्या प्रार्थनास्थळी ठेवले. ती प्रार्थना करत राहिली. जहाज निघून गेले.

आईने मोनिकेची चिकाटी घेतली. मी मुलाची लबाडी घेतली. संतचरित्र इतके चुकीचे वाचणारा विद्यार्थी मला पुढे कधी भेटला नाही.

मस्कतमध्ये गणित शिकवत मला एकोणीस वर्षे झाली. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्गही शुक्रवारीच भरतो. तो मी घेतो, आणि मोनिकेच्या चरित्रातला बंदराचा प्रसंग दरवर्षी गाळतो. तरी तो मला गाठतोच. आई चर्चमधून परतते, चपला काढते, मोकळ्या घरात माझे नाव घेते, थांबते. मी हे पाहिलेले नाही. पण दर शुक्रवारी पाहतो. त्या दिवसाविषयी ती कधी एक शब्दही बोलली नाही.

बाबांना जाऊन आता वर्ष झाले. यंदा राखेच्या बुधवारी मीच फोनवर म्हणालो, "आई, त्या शुक्रवारी मी तुला फसवलं."

ती हसली. "लबाडा, खोटं बोलताना तू कान खाजवतोस, ल्हानपणापास्नं. मला दारातच कळलंतं."

"मग गेलीस कशाला?"



"चवथ्या स्थानाला गाडीची शिट्टी ऐकली. येशूला त्याची आई भेटती, ते स्थान. सगळी उठून म्होरं गेली. मी न्हाय उठले. ठेसनावर आले असते तर तू उतरला असतास की."

एकोणीस वर्षे मी समजत होतो, की घर म्हणजे मी फसवून सोडलेली जागा. तो अपराध मला पाठ झाला होता, त्याचे दर शुक्रवारचे प्रायश्चित्तही नेमलेले होते. आता तेवढाही आधार उरला नाही. घर म्हणजे आता चौथ्या स्थानापाशी गुडघे टेकलेली एक बाई. शिट्टी वाजते, आणि ती उठत नाही.