समोर आलं तरी थांबायचं नाही

माझी मुलगी वर्तमानपत्रात फोटोग्राफर झाली ती माझ्या लुनामुळे, असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. ते खोटं आहे. लुनामुळे तिची नोकरी मिळण्याआधीच जायची वेळ आली होती.

तेव्हा आम्ही बडोद्याला, अकोटा भागात राहत होतो. शहरात रस्त्यावर रोज नव्या तऱ्हेची मोटार दिसायला लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. ह्यांच्या घराण्यात सगळे कचेरीत बसणारे. मुलगी मात्र एका स्टुडिओतर्फे लग्नाचे फोटो काढायची. नवरानवरींना उभं करून करून ती कंटाळली आणि एका गुजराती वर्तमानपत्राच्या संपादकांकडे गेली. त्यांच्याकडे जागा एकच होती. त्यांनी तिचे फोटो पत्ते पिसावेत तसे भराभर पाहिले आणि म्हणाले, "आ बधा तो ऊभेला छे, बेन. दोडतो फोटो लावो." म्हणजे, हे सगळे उभे आहेत, धावता आण. त्या रविवारी डभोई रस्त्याकडच्या एका मैदानावर मोटारींची शर्यत होती. तिथला छापण्याजोगा फोटो आणला तरच पुढचं बोलणं होणार होतं.

धावत्या गाडीचा फोटो कसा काढतात ते तिने मला कणीक मळताना समजावलं. मी चौथी शिकलेली, पण कळलं. कॅमेऱ्याचा पडदा अगदी झटकन उघडून मिटला, तर धावणारी गाडी दारात लावून ठेवल्यासारखी दिसते. म्हणून पडदा जरा जास्त वेळ उघडा ठेवायचा आणि गाडीबरोबर कॅमेराही फिरवायचा. मग गाडी स्वच्छ येते आणि मागचं सगळं फडक्याने पुसल्यासारखं होतं. पाय फाकवून उभं राहायचं, कोपरं बरगड्यांना चिकटवायची आणि कमरेतून वळायचं. गाडी लांब असतानाच नजरेत धरायची, समोर आली की बटण दाबायचं आणि दाबल्यावरही वळतच राहायचं.

"म्हणजे रांगोळीसारखंच. रेघ ओढताना हात थांबला की गोळा पडतो," मी म्हटलं.

"रांगोळी पळून जात नाही, आई."

सरावाला काहीतरी धावणारं हवं होतं. आमच्या गल्लीत भरवशाचं धावणारं म्हणजे माझी लुना. आठवडाभर सकाळी मी गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लुना पळवली आणि मुलगी फाटकाशी उभी राहून वळत राहिली. शेजारची गुजराती बाई दात घासता घासता ओट्यावर येऊन बघायची.

"बेन, काही हरवलं का? रोज तेच तेच शोधताय," ती विचारायची. तिचं मराठी आमच्या शेजाराने चांगलं झालं होतं, आणि जीभ आधीपासूनच चांगली होती.

फोटो धुऊन आले तेव्हा घरात आनंद झाला. मी स्वच्छ, लुना स्वच्छ, आणि मागच्या बंगल्यांच्या नुसत्या रेघा. ह्यांनी चष्मा लावून पाहिलं. "तू बरी आली आहेस. पण लोकांची घरं वाहून चालली आहेत," म्हणाले.

शनिवारी मैदानावर गाड्यांचा सराव होता. ती एक रोल काढून आली आणि संध्याकाळी स्टुडिओत तो धुऊन घरी आणला तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं होतं. एकाही फोटोत गाडीचं नाक नव्हतं. कुठे नुसतं मागचं चाक, कुठे धुराचा लोट, आणि जी काही अर्धी गाडी होती तीही फिसकटलेली.

"तू मध्येच थांबतेस," मी म्हटलं. "गाडी समोर आली की तुझा हात अडखळतो आणि ती पुढे निघून जाते."

तिने माझे लुनावरचे फोटो काढून टेबलावर मांडले. बराच वेळ बघितले. मग म्हणाली, "आई, ह्या प्रत्येक फोटोत तू माझ्याकडे बघते आहेस."

"फोटो काढत होतीस ना?"

"पदरही सारखा करते आहेस. म्हणजे समोर आलीस की गाडी हळू करत होतीस."

"मग फोटो काढताना काय करतात? थांबतात."

आमच्याकडे लहानपणापासून तेच सांगितलेलं. हलू नको, पदर नीट कर, समोर बघ. फोटोवाला मान वर करेपर्यंत आम्ही श्वाससुद्धा घेत नसू. लुनावर बसले म्हणून ते कुठे जाणार? आणि तिचा हातही माझ्याबरोबर हळू व्हायला शिकला होता. मोटारवाल्यांना कोणी पदर सारखा करायला सांगितलेलं नव्हतं.

तिने फोटो गोळा केले. "उद्या दुपारी शर्यत आहे. हाताला लागलेली सवय एका सकाळीत कशी सुटणार?" एवढंच म्हणाली आणि जेवली नाही.

रविवारी उजाडताच मी तिला फाटकाशी उभी केली. रिकामा कॅमेरा घेऊन. पण ती समोर दिसली की माझी मूठ आपोआप सैल व्हायची. बघायचं नाही असं ठरवलं, तरी व्हायची. तिसऱ्या-चौथ्या खेपेला शेजारीण ओट्यावरून म्हणाली, "बेन, ह्यापेक्षा दूधवाल्याची सायकल लवकर जाते."

"मग तुमची स्कूटी काढा," मी म्हटलं. "बघू कोण लवकर जातं."

ती तोंड धुऊन खरंच गाडी काढून आली. साडीचा काचा मारला, चपला ओट्यावर काढून ठेवल्या. आम्ही दोघी टोकाला उभ्या राहिलो. आमचे हे बाहेर आले, काय चाललंय ते बघून परत आत गेले. ती सुटली आणि मीही सुटले. फाटक केव्हा आलं, मुलगी कुठे होती, मला ठाऊक नाही. माझ्यापुढे फक्त तिची पाठ होती आणि ती मला सहन होत नव्हती. ती जिंकली. परत केलं, परत जिंकली. तिची गाडी नवी होती. मी हट्टाने पुन्हापुन्हा पळवली, आणि आमच्या दोघींबरोबर मुलगी वळत राहिली, न अडखळता. शेवटी तिनेच कॅमेरा खाली घेतला. "पुरे. आता हात पुढे जातोय," म्हणाली.

"अजून एकदा," मी म्हटलं.

"आई, पुरे."

दुपारी मी तिच्याबरोबर मैदानावर गेले. गर्दीत मुलगी एकटी नको असं हे म्हणाले होते. मला स्वतःला शर्यत बघायची होती. कानात कापूस, नाकावर पदर, तरी धूळ दातांत. गाड्या रोजच्या रस्त्यावरच्याच, फक्त दारांवर मोठे आकडे आणि आवाज कानठळ्या बसवणारा. मुलीने पहिल्या दोन गाड्या नुसत्या नजरेने सोडून दिल्या, बटण न दाबता. मग ती वळायला लागली. कमरेवरचा भाग दारासारखा फिरत होता. गाडी गेल्यावरही तो फिरायचा थांबत नव्हता.

संध्याकाळी तिने संपादकांना फोटो नेऊन दिला. लाल गाडी, दारावरचा आकडा वाचता येत होता, चालकाचे दात दिसत होते, आणि मागे माणसं, बांबू, झाडं मिळून एकच पिवळा पट्टा. संपादकांनी तो ठेवून घेतला. बरं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत. "काले जोईशुं," म्हणाले. उद्या बघू. ती घरी येऊन झोपली.

सकाळी वर्तमानपत्र आलं ते आधी ह्यांच्या हाती लागलं. लाल गाडी आतल्या पानावर, चांगली मोठी छापलेली. ह्यांनी खालची ओळ वाचली आणि चिडले.

"नावच नाही दिलं हिचं. नुसतं 'अमारा फोटोग्राफर द्वारा'. म्हणे, आमच्या फोटोग्राफरकडून. ह्याला काय अर्थ आहे?"

मुलीने पेपर त्यांच्या हातातून घेतला, ती ओळ वाचली आणि पेपर परत दिला. मग चहा अर्धा टाकून कॅमेऱ्याची पिशवी शोधायला लागली.

"कुठे निघालीस?" ह्यांनी विचारलं.

"कामावर."

"पण ते काही बोलले का तुला?"

"छापलंय की," ती म्हणाली, आणि गेली.