अर्धी शेड पिवळी

कर्जतमध्ये पार्लर टाकून मला तेरा वर्षं झाली. आरशासमोर बसलेली बाई तोंड धुवायच्या आधीच मन मोकळं करते, त्यामुळे माझ्याकडे क्रीमच्या डब्यांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. त्यातले निम्मे कन्सीलरचे!

डाग झाकायच्या या क्रीमचा नियमच उलटा. लावलेलं दिसलं की काम फसलं. आणि नाही दिसलं तर गिऱ्हाईक भांडतं!

*

खालापूरच्या एक काकू भाचीच्या लग्नासाठी तयार व्हायला आल्या. डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी अशी काही बेमालूम घालवली, की स्वतःवरच खूश झाले. काकूंनी आरसा जवळ नेला, लांब नेला.

"अगं, मी तर हाय तशीच दिसतेय! मंग एवढा वेळ केलंस काय?"

मी मुकाट्याने लालभडक लिपस्टिक लावली.

"हां! आता कसं, केल्यासारखं वाटतं!"

*

भिवपुरीच्या पॉवरहाऊसमधले एक काका रिटायर होत होते. निरोपाच्या फोटोत बाबा दमलेले दिसू नयेत म्हणून मुलगी त्यांना धरूनच घेऊन आली. मी डोळ्यांखाली पातळ थर दिला. काकांनी आरशात पाहिलं आणि रुमाल काढला.

"पुसतो बाई. एवढ्या रात्रपाळ्या केल्या, त्याचा हाच तर पुरावा हाय माझ्याकडं!"

*

आता आमची सुजाता. भिवपुरीजवळच्या गावातली, गोड पोरगी. लहानपणी उकळतं तेल उडून डाव्या गालावर रुपयाएवढा डाग राहिलेला. दोन स्थळं त्यावरून परत गेलेली. तिसऱ्या वेळी आई तिला माझ्याकडे घेऊन आली.

डागावर आधी जरा नारिंगी रंग, मग कातडीच्या रंगाचं कन्सीलर. बोटाने नुसतं थोपटायचं, घासायचं नाही. डाग गायब! साजगावला कंपनीत कामाला असलेला प्रशांत बघायला आला आणि तिथेच हो म्हणाला.

आई पेढे घेऊन आली. सुजाता मात्र रडवेली.

"ताई, आता त्याला सांगू कसं?"

*

सांगितलं नाहीच. मग तीन महिने प्रशांत भेटायला यायचा असला, की ही आधी माझ्याकडे. एकदा तो न सांगताच कर्जत स्टेशनवर उतरला आणि तिथून तिला फोन केला. ही धापा टाकत पार्लरमध्ये! माझ्या खुर्चीत एका हाताचं वॅक्स झालेली बाई बसली होती.

"उठते मी," ती म्हणाली. "प्रशांत आला असंल ना?"

पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येकीला माहीत होतं. फक्त प्रशांतला नाही!

"लग्नाआधी सांग गं," मी म्हणायचे. तिचं उत्तर ठरलेलं, "ताई, तो पन परत गेला तर?" मग मी पुन्हा कन्सीलरची डबी उघडायचे. लपवायला तर मीच शिकवलं होतं.

*

लग्न मे महिन्यात, कर्जतच्याच हॉलमध्ये. पांढऱ्या साडीत सुजाता फार सुंदर दिसत होती. बुद्धवंदना झाली, हार घातले. फोटोच्या आधी मी स्पंज घेऊन स्टेजवर गेले, तर प्रशांत हळूच वाकला.

"मॅडम, आज शेड बरोबर लागलीय. बघायच्या दिवशी अर्धी शेड पिवळी झालती."

मी स्पंज खाली घेतला. "तुम्हाला कसं कळलं?"

"मी पेंटच्या कंपनीत रंग जुळवायलाच बसतो ना. गाडीच्या दाराला टचिंग केलेलं लांबून वळखतो."

सुजाता पांढरीफटक. "मंग इतके दिवस बोल्ला का नाय?"

"तू सांगशील म्हनून थांबलो."

तिने माझ्या बॉक्समधून ओला टिश्यू काढला आणि डावा गाल खसाखसा पुसला. माझं तासाभराचं काम टिश्यूवर!

फोटोग्राफर ओरडला, "वहिनी, मेकअप जातोय!"

"जाऊ दे. आता काढा फोटो," म्हणत तिने तोच गाल कॅमेऱ्याकडे केला.

तो फोटो मी पार्लरमध्ये आरशाच्या वरच लावलाय. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "ताई, हिला कन्सीलर लावायचं विसरलात का?"