मागच्या खोलीची बाई

हॉलच्या फरशीवर लाल चिकटपट्टीची रेघ मारली होती. रेघेवर आम्ही नऊ जण. नवे शिक्षक. इंडक्शनचा पहिला दिवस. समोर पडद्यावर मोठी अक्षरं होती: 'सर्वसमावेशक धोरण. प्रत्येक मूल आपलं.'

मुंबईहून आलेली ट्रेनर बाई हातातल्या कागदावरून एकेक वाक्य वाचत होती. वाक्य ज्याला लागू पडेल त्यानं एक पाऊल पुढं जायचं. नाही पडलं तर जागेवर थांबायचं. शेवटी कोण किती पुढं, कोण किती मागं, ते सगळ्यांनी वळून बघायचं. त्यातून विषमता कळते म्हणे.

"ज्यांचे आईवडील पदवीधर आहेत."

आठ जण पुढं गेले. मी थांबले.

"ज्यांना सुट्टीत फिरायला नेलं जायचं."

मी थांबले.

"ज्यांच्या घरात पुस्तकं होती."

मी पाऊल टाकलं. विचारही केला नाही, इतकी खात्री होती.

ट्रेनर बाईनं कागदाकडं बघितलं. मग माझ्याकडं. हसली.

"मॅडम, पुस्तकं म्हणजे शाळेची नाहीत हं. घरात वाचनाचं वातावरण होतं का, असा प्रश्न आहे. आपण प्रामाणिक राहू या. मागे या."

कुणीतरी हसलं. दबक्या आवाजात, नाकातून. मी मागं आले.

चहाच्या सुट्टीत तिचा कागद टेबलावर पडला होता. त्यावर आमची नऊ नावं होती, आणि प्रत्येक नावापुढं प्रवर्ग. माझ्यापुढं एस.सी. तिनं वाक्य वाचायच्या आधीच माझी जागा ठरवून ठेवली होती.

आता माझ्या घराचं सांगते. मोहोपाड्याला आमच्या दोन खोल्या. बाबा रसायनीच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. आजोबांनी धर्म सोडला त्या वर्षापासूनची पत्रकं आमच्याकडं पत्र्याच्या पेटीत आहेत. विहारातल्या सभांची. कारखान्याच्या गेटवर वाटलेली. कायम करा म्हणून काढलेली, वाडीला पाणी द्या म्हणून काढलेली, जंगलजमिनीची. पिवळी, गुलाबी, शाई पसरलेली. जयंतीला निघालेल्या लहान लहान पुस्तिका, त्यांचे टाके सुटलेले. बाबांनी मला अक्षरं त्यावरूनच शिकवली. मी आयुष्यात पहिला वाचलेला शब्द 'बंधू-भगिनींनो'. आमच्याकडं जेवताना वाचायचे, आणि वाचलेल्यावरून भांडायचे. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "पुन्यांदा वाच. ते कंत्राटदाराचं वाच." मला आजही कुणी विचारलं की घरात पुस्तकं होती का, तर मी पुढंच जाईन.

पण त्या दिवशी मागं आले. तिनं सांगितलं म्हणून मागं आले, हे मला जास्त लागलं.

नोकरी हवी होती. डी.एड. होऊन दोन वर्षं मी पॅकिंगला उभी होते. डोक्याला जाळी, हातात मोजे, बाटलीवर झाकण. बाबांचा खोकला तोपर्यंत असा झाला होता की शेजारची बाई भिंतीपलीकडून विचारायची, "रातीला झोपता का नाय तुमी?" कुंभिवलीच्या अंगाला हायवेलगत ही इंग्रजी शाळा. मुलाखतीत मी पाठ घेतला तेव्हा परीक्षकांनी मान डोलावली होती. मला वाटलं, पहिलीचा वर्ग आपला.

दुपारी प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. आवाज गोड. कधीही चढत नाही.

"तुमची निवड आम्ही खास केली आहे," त्या म्हणाल्या आणि किल्ली पुढं केली.

किल्ली मागच्या खोलीची होती. जनरेटरच्या शेजारची. आधी तिथं खेळाचं सामान असायचं. आता भिंतीवर फुलपाखरं रंगवली होती आणि दारावर पाटी होती: 'समावेशन कक्ष.' शाळेमागच्या ठाकर आदिवासींच्या वाडीतली सात मुलं त्या वर्षी पहिलीला आली होती. पंचवीस टक्के राखीव जागांवर, कायद्यानं, हक्कानं. दोन महिने आधी हायवेपलीकडच्या नव्या सोसायट्यांतल्या पालकांनी मीटिंगमध्ये विचारलं होतं, आमच्या मुलांना त्यांची भाषा लागली तर? ही खोली हे शाळेचं उत्तर होतं.

"तुमच्या बॅकग्राउंडमुळे तुम्ही त्यांच्याशी पटकन कनेक्ट व्हाल. त्यांची भाषाही तुम्हाला येत असेल."

मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. लिहायलाच हवं.

"मॅडम, मी ठाकर नाही."

त्या हसल्या. "अहो, तेच ते."

माझ्या अंगाची आग झाली. आणि आग कशाची होती? सात लेकरांना जनरेटरशेजारी बसवतात याची नव्हती. मला त्यांच्यात धरलं याची होती. माझ्या घरात पेटीभर पत्रकं, आणि तोंडातून पहिलं वाक्य हे निघालं. ट्रेनर बाईनं मला मागं ढकललं. मी त्याच दिवशी माझ्यामागं कुणीतरी असावं म्हणून त्या लेकरांना मागं ढकललं.

या मुलांना वेगळं बसवायचं नाही, त्यांचा वर्ग वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी भरवायचा नाही, हे डी.एड.ला मी पाठ केलं होतं. पेपरात लिहिलं होतं. त्याला मार्क मिळाले होते. तरी मी किल्ली घेतली.

आणखी एक काम होतं. पालकांची संमतिपत्रं. 'माझ्या पाल्यास विशेष मार्गदर्शन मिळावे म्हणून मी स्वेच्छेने…' असा मजकूर. कार्यालयातल्या माणसाला वाडीतल्या बायकांनी सही दिली नव्हती. म्हणून मला पाठवलं.

वाडी शाळेच्या मागंच, डोंगराच्या पायथ्याला. बुधी नावाची बाई अंगणात करवंदं निवडत होती. तिची रोशनी आमच्या सातांतली. मी कागद वाचून दाखवला. गोड आवाजात. तो आवाज मी दोन दिवसांत शिकले होते.

बुधी म्हणाली, "म्हंजे पोरगी येगळी बसणार?"

"थोडे दिवस. जास्त लक्ष देता येईल."

"आनि शिकिवणार कोन?"

"मी."

तिनं मला नीट बघितलं. चप्पल, बॅग, चेहरा. मग करवंदाचा हात पदराला पुसला. "तू हायस ना गं तितं, बाय? मंग दे कागद."

तिच्यामागं सगळ्यांनी दिल्या. चार सह्या, तीन अंगठे. सोमी नावाची एक हसरी बाई अंगठा उठवताना म्हणाली, "शाईचं बोट घिऊन आता भाकरी कशी थापू गं? काळी व्हईल की." सगळ्या हसल्या. मीही हसले.

घरी बाबांनी विचारलं, "वर्ग कुठला मिळाला?"

मी सांगितलं. कागदांचंही सांगितलं. त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मग चार महिने. जनरेटर सुरू झाला की शिकवणं बंद. मुलं कानावर हात ठेवून माझ्या ओठांकडं बघत बसायची. डब्याची सुट्टी आमची वीस मिनिटं आधी. म्हणजे मैदानावर गाठ पडायला नको. रोशनी खिडकीत उभी राहून मोठ्या इमारतीतल्या मुलांचे तास पाठ करायची. "बाई, आता त्यांचं गाणं हाय." "बाई, आता त्यांचं कॉम्प्युटर." मी म्हणायचे, "खाली बस." संध्याकाळी टमटममध्ये स्वतःला सांगायचे, निदान मी तरी आहे ना इथं. दुसरी कुणी असती तर? याच वाक्यावर मी चार महिने काढले. असली वाक्यं कुणी शिकवावी लागत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर फोटोचा दिवस आला. नव्या प्रवेशांच्या माहितीपत्रकासाठी. प्रिन्सिपल मॅडमनी सांगितलं, सातही मुलांना पहिली अ मध्ये घेऊन या. प्रत्येकाला एकेका मुलाशेजारी बसवा. मिसळलेली दिसली पाहिजेत.

बसवली. रोशनी तिसऱ्या बाकावर. शेजारी चष्म्यातली एक मुलगी. त्या मुलीनं तिला आपली रंगपेटी दाखवली. दोघी खुदखुदल्या. फोटोग्राफर म्हणाला, "वा, एकदम नॅचरल." दहा मिनिटांत काम झालं.

"चला, आपापल्या खोलीत," वर्गाच्या टीचर म्हणाल्या.

सहा जण उठले. रोशनी उठली नाही. तिनं दप्तर उघडलं होतं. वही काढून बाकावर ठेवली होती, पेन्सिल वहीवर. तिला वाटलं होतं, वर्ग बदलला.

"बाई," ती मला म्हणाली, "आता माजा वर्ग ह्योच ना?"

सगळा वर्ग बघत होता. टीचर घड्याळाकडं बघत होत्या. मी तिचं मनगट धरलं. तिनं दुसऱ्या हातानं बाकाची कड पकडली. ओरडली नाही, रडली नाही. नुसती धरून बसली. सहा वर्षांची पोर. मी तिची बोटं सोडवली. एक. मग दुसरं. मग तिसरं.

दाराबाहेर पडलो तेव्हा मागून टीचरांचा आवाज आला. "मावशी, तेवढे बाक पुसून घ्या."

मागच्या खोलीत रोशनी भिंतीकडं तोंड करून बसली. खिडकीशी गेली नाही. त्या दिवशी तिनं कुणाचा तास कुठला ते सांगितलं नाही. मी फळ्यावर काहीतरी लिहीत होते. काय ते आठवत नाही. माझ्या बोटांना तिच्या बोटांचा जोर कळत होता. मला रेघेवरून मागं बोलवणारीनं मला हातही लावला नव्हता. मी हात लावला. तिचं काम मी तिच्यापेक्षा चोख केलं.

शाळा सुटल्यावर टमटम पकडली नाही. वाडीत गेले. बुधीच्या अंगणात बायका जमल्या. मी सगळं सांगितलं. खोली का काढली ते. डबा आधी का ते. बाक पुसल्याचं. बोटांचं. कायद्यात काय लिहिलंय ते. ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तेही.

बुधीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठावं व्हतं?"

"हो."

"मंग सही कशाला घेतलीस गं?"

पॅकिंगचं सांगता आलं असतं, बाबांच्या खोकल्याचं सांगता आलं असतं. तिच्या अंगणात ते सांगायची लाज वाटली. तिथं प्रत्येक घरात कुणीतरी खोकत होतं.

सोमी म्हणाली, "कागुद वाचताना काय गोड वाचत व्हती! मला तर झोपच आली व्हती." या वेळी कुणी हसलं नाही.

बुधी उठली. माझ्यासमोर उभी राहिली. "तू आमची नसशील, बाय. आमाला ठावं हाय. पन तू तेंची तरी हायस का? तुला बसिवत्यात का तेंच्या खुडचीवर? का तू बी मागल्या खोलीचीच?"

मी म्हणाले, "मागल्या खोलीचीच."

"मंग कुनाची राखण करतीस?"

मी रडले नाही. रडण्यात मला सूट मिळाली असती. ती मला नको होती.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल मॅडमसमोर किल्ली ठेवली. सांगितलं, खोली बंद करा, मुलांना त्यांच्या वर्गात बसवा, संमतिपत्रं रद्द करा. पालकांना खोटं सांगून घेतली आहेत.

"कुणी सांगितलं खोटं?" त्यांचा आवाज तसाच गोड. "आम्ही तर कुणाला भेटलोही नाही. सह्या तुम्ही घेतल्यात. साक्षीदार म्हणून खाली सही तुमची आहे. तक्रार कराल तर पहिल्या तुम्हीच अडकाल. विचार करा. तुमच्या समाजातल्या मुलींना अशी संधी वारंवार मिळत नाही."

खरं बोलल्या त्या. सह्या मीच घेतल्या. त्यांनी मला आणलं होतं ते शिकवण्यासाठी नव्हे. गुन्हा घडेल तेव्हा त्यांच्या हातावर घालायचा मोजा म्हणून आणलं होतं. तो मोजा दलिताचा असावा, एवढाच त्यांच्या धोरणाचा अर्थ.

शनिवारी मला काढल्याचं पत्र मिळालं. बाबांचं औषध उद्यापासून कसं आणायचं, मला माहीत नाही. दुसरी शाळा मला घेईल असं वाटत नाही. हे वाचून कुणाला वाईट वाटलं तर ते वाईट वाटणं स्वतःजवळ ठेवा. माझ्या उपयोगाचं नाही.

आज रविवार. तक्रार लिहून झाली आहे. बायकांना वाचून दाखवली. या वेळी शब्द न शब्द, त्यांच्या भाषेत जमेल तसा. बुधीनं दोनदा थांबवून पुन्हा वाचायला लावलं. माझ्यावर तिचा विश्वास नाही, आणि नसावाच. उद्या सकाळी सातही मुलांना घेऊन आया शाळेत जाणार आहेत. मुलं पहिली अ मध्ये जाऊन बसतील. कुणी उठवायला आलं तर आया दारात उभ्या असतील. मी तिथून थेट शिक्षण विभागात जाणार आहे. तिथं दाद लागली नाही तर कोर्टात.

तक्रारीत लिहिलं आहे की या मुलांना कायदा मोडून वेगळं बसवलं, आणि कुणी बसवलं त्यांची नावं खाली दिली आहेत. पहिलं नाव माझं आहे. त्याखाली बाकीच्यांची.