देवाजीकाकांच्या पुडीतल्या कॅप्सूल

माझ्या बाबांनी एक माणूस मारला, असं ते स्वतःच सांगायचे. कोणी विचारलेलं नसताना.

आज पहाटे बाबा गेले. नव्वदीला टेकले होते. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. दुपारी सगळं आटोपलं.

प्लीज, कोणी फोन करू नका. बोलायची ताकद नाही. जे सांगायचं आहे ते एकदाच इथे लिहिते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. सक्करदऱ्याला बाबांचं आणि त्यांच्या मित्राचं, देवाजीकाकांचं, बॅटरीचं दुकान होतं. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं, नव्या प्लेटा ओतायच्या.
मास्क वगैरे कसलं काय! तोंडाला दुपट्टा गुंडाळला की झालं.

दोघांचं सगळं अर्धं-अर्धं. एक चहा आला तरी बशीत अर्धा. आई वैतागायची, "आता आंघोळ बी अर्धी-अर्धी करा!"

मग बाबांचं पोट दुखायला लागलं. गडाबडा लोळायचे. पुढे उजवा हात मनगटातून लटकला. पाण्याचा गिलास उचलता येईना.
मी तेव्हा बीएस्सीला होते. त्यांना भात भरवून कॉलेजला जायचे.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ओळखलं. अंगात शिसं भिनलं होतं.
आधी पाच दिवस सलाइनमधून औषध दिलं. मग घरी घ्यायला कॅप्सूल, मुंबईहून मागवलेल्या. बाबांचं वजन करून डोस ठरवला, दिवसाला चार.

डॉक्टर भारी कडक. म्हणाले, "दर आठवड्याला लघवी तपासायला आणायची. हे औषध शिसं बाहेर काढतं, पण किडनीही बिघडवू शकतं. आणि दुकानात पाय ठेवायचा नाही. एकीकडे शिसं आत जातंय आणि दुसरीकडे हे औषध चालू, असं केलंत तर नुकसानच होईल."

बाबांनी मान हलवली. ती त्यांना छान हलवता यायची.

त्याच आठवड्यात देवाजीकाका घरी आले. दोघं बाहेरच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात.

"माह्या बी पोटात पिळून राहिलं गा," काका म्हणाले.
"मंग चाल ना दवाखान्यात."
"दोघं बी घरी बसलो त दुकान कोन पाहीन? दोन घरं हायेत त्याच्यावर."

मग कॅप्सूलच्या बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"घे. दोन तुह्या, दोन माह्या. उपाशीपोटी घेजो. तू माह्यापेक्षा बारीक हायेस, तुले दोन लय झाल्या."

हे बाबांचं डोसचं गणित. आधी हसू येतं, मग रडू येतं.

रोज संध्याकाळी कागदाची पुडी काकांच्या खिशात जायची. बाबांना वाटायचं, पोरगी अभ्यासात आहे.
मी सगळं बघत होते.

रिपोर्टमध्ये बाबांचं शिसं उतरेना. कसं उतरणार?
"रोज चारही घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं.
"हो साहेब."
डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी डोस वाढवला. चारच्या सहा केल्या. म्हणजे पुडीत आता तीन जायला लागल्या.

दवाखान्यात बाबांची लघवी दर सोमवारी नळीत घेऊन दिव्यावर तापवायचे. पांढुरकी झाली नाही म्हणजे किडनी ठीक.
काकांची कोण तापवणार? ते पेशंटच नव्हते. दिवसभर भट्टीसमोर, आणि खिशात पुडी.

दोनेक महिन्यांत काकांचा चेहरा सुजला. मग पाय, मग पोट. त्यांना त्याच दवाखान्यात भरती केलं.

डॉक्टरांनी विचारलं, "कोणतं औषध चालू होतं?"
"काई नाई साहेब."
मित्राचं नाव त्यांना पुढे येऊ द्यायचं नव्हतं. बाबा बाजूला खाली मान घालून उभे.

मग डॉक्टर मला व्हरांड्यात घेऊन गेले. "तू शिकलेली आहेस. या माणसानं काही घेतलंय का? खरं सांग."

मी म्हणाले, "मला नाही माहीत, सर."

हे मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

त्याच आठवड्यात बाबांनी पहिल्यांदा आपल्या हातानं गिलास उचलला होता. मला वाटलं, खरं सांगितलं तर त्यांच्या कॅप्सूल बंद होतील.
काकांचा विचार आला नाही असं नाही. आला. तरी मी बाबांनाच निवडलं.

चौथ्या दिवशी बाबांनाच राहवलं नाही. वॉर्डात जाऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं.
काकांच्या उशीखाली पुडी निघाली. लवकर बरं होऊन दुकानात जायचं म्हणून भरती असतानाही ते कॅप्सूल घेतच होते.

डॉक्टर ओरडले नाहीत. डोकं धरून खुर्चीत बसले. "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत हो?" एवढंच म्हणाले.
त्यानंतर तिसऱ्या दिवशी काका गेले.

बाबांनी दुकान पुन्हा उघडलं नाही. पुढची सगळी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "म्या मारलं देवाजीले." जावयाला सांगितलं, नातवंडांना सांगितलं, गॅस सिलिंडरवाल्यालासुद्धा सांगितलं.
मी चिडायचे. "पुरे ना बाबा!" लोकांना वाटायचं, लेक बापाला किती जपते.
मला ते ऐकवत नव्हतं, एवढंच.

गेल्या रविवारीही म्हणाले. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

बाबा, तुम्ही एकटे नव्हता. मला माहीत होतं. डॉक्टरांनी मला विचारलं होतं आणि मी खोटं बोलले.
तुमच्यासमोर हे एकदा बोलायला हवं होतं. इतकी वर्षं होती, नाही जमलं.

या आता, बाबा.
देवाजीकाका भेटले तर त्यांना माझंही नाव सांगा.